सोळा गेजची पेटी

केबलवाल्या वाळूची नोकरी माझ्यामुळे गेली. हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले, म्हणून ते सगळ्यात आधी लिहून टाकतो. मागे ठेवलं तर मी मध्येच एखादं कारण शोधून काढीन, आणि कारणं शोधण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सिल्वासात दुसरा कोणी नाही.

मी रमाकांत खैरनार. मूळचा नाशिकचा, पण गेली बावीस वर्षं इथेच, पॉलिस्टर धाग्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर. मी समोर उभा राहिलो की बंद पडलेलं मशीन घाबरून चालू होतं, असं कामगार गमतीने म्हणतात. मला ते कधी गमतीचं वाटलं नाही, खरंच वाटायचं. सामरवरणीला चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. घरात मी, बायको वर्षा आणि मुलगी ईशा.

ईशा पुण्यात नोकरी करते. मागच्या वर्षी तिच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली आणि सहा वर्षांनी ती घरी राहायला आली. सकाळी तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा, तेवढ्यानेही घर भरल्यासारखं वाटायचं. तिची अट एकच होती. "बाबा, नेट चांगलं हवं. मीटिंगमध्ये सारखं माझं तोंड अडकायला लागलं तर मला पुण्याला परत जावं लागेल."

मी लगेच दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला. कनेक्शन जोडायला केबल ऑफिसातून वाळू आला. खेरडी गावचा, तिशीचा, अंगाने काटक. इथल्याच आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला. चपला दाराबाहेर नीट जोडीने काढून तो आत आला, सगळं घर फिरून पाहिलं आणि हॉलच्या मधल्या भिंतीवर उंचावर राउटर लावला.

"इथून सगळ्या खोल्यांना बराबर भेटेल, साहेब," तो म्हणाला. ईशाच्या खोलीत जाऊन त्याने फोनवर स्पीड मोजून दाखवला. एकशे ब्याण्णव. ईशाने टाळी वाजवली. वर्षाने त्याला चहा दिला. तो त्याने उभ्यानेच घेतला.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मी माझी अक्कल चालवली.

आमच्या कारखान्यात नियम आहे की इलेक्ट्रॉनिक वस्तू उघड्यावर ठेवायची नाही. धाग्याचा बारीक कोंडा उडतो, तो आत जाऊन बसतो, मग कार्ड जळतं. म्हणून सगळं लोखंडी पॅनलमध्ये, दाराला रबरी पट्टी, कुलूप आणि वर अर्थिंग. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला घरातल्या भिंतीवर लटकलेला, चार शेपट्या वर केलेला तो उघडा राउटर बघवत नाही. आमच्या खिडकीतून हायवेची धूळही येते. मी कारखान्याच्या फॅब्रिकेटरकडून खास पेटी करून घेतली. सोळा गेजचा जाड पत्रा, राखाडी पावडर कोटिंग, मागे वायरीला भोक आणि त्यात रबरी बूच, पुढे कुलूप. माझ्या मनात त्यावर कवटीचं धोक्याचं चित्रही लावायचं होतं. "देव्हाऱ्याच्या समोर कवटी लावायची नाही," असं वर्षाने ठणकावलं, म्हणून ते राहिलं.

पेटी काय झाली होती म्हणून सांगू! येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती उघडून दाखवायचो. माझा ज्युनिअर हर्षल दिवाळीला फराळाला आला होता, त्यालाही दाखवली. "सर, एकदम इंडस्ट्रियल काम आहे," तो म्हणाला. ईशा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाबा, राउटर मोकळा ठेवतात ना?" मी तिला धूळ, वीज पडणं आणि उंदीर या विषयांवर अर्धा तास सुनावलं. आमच्या घरात माझ्याशी वाद घालून कोणी जिंकत नाही. दमतात आणि गप्प बसतात. मी त्यालाच आपलं जिंकणं समजत आलो.

जुन्या स्क्रूच्या शेजारी पेटी लागली आणि राउटर तिच्यात गेला, त्याच आठवड्यात नेट रडायला लागलं. ईशाच्या मीटिंगमध्ये कोणाचं तोंड उघडंच राहायचं, कोणाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. मी स्पीड मोजला. बावीस! पैसे दोनशेचे आणि स्पीड बावीस? मी तक्रार ठोकली.

वाळू दुसऱ्याच दिवशी आला. मी खिशातून किल्ली काढली, पेटी उघडून दिली. त्याने वायर तपासली, पेटीसमोर उभं राहून स्पीड मोजला, मग ईशाच्या खोलीत जाऊन मोजला. एकशे चौऱ्याण्णव. मी स्वतः मोजला तरी तेवढाच. "बराबर येतोय, साहेब," तो म्हणाला. तो गेला. मी पेटी लावून कुलूप घातलं. तासाभराने ईशाची हाक आली, "बाबा, परत तेच!"

दुसऱ्या तक्रारीलाही हाच खेळ झाला. या वेळी जाण्याआधी वाळूने पेटीच्या दाराला हात लावला, ते पूर्ण लोटून फोनकडे बघितलं, परत उघडून पुन्हा बघितलं. मग जरा अडखळत म्हणाला, "साहेब, हे दार उघडंच ठेवलं तर?"

"दार उघडं ठेवायला पेटी केली का?" मी म्हणालो. "तू तुझी लाईन बघ. मी सव्वीस वर्षं इलेक्ट्रिकलमध्ये आहे."

सोफ्यावर वर्षा बसली होती, दारात ईशा उभी होती. वाळूने दोघींकडे पाहिलं आणि मान हलवली. बॅगेतून कामाची पावती काढली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे धरली. मी न वाचताच सही ठोकली आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं की ग्राहक असमाधानी आहे.

तो गेला की नेट परत बावीसवर. आता माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. हा आला की स्पीड येतो, गेला की जातो. म्हणजे काय? कारखान्यात पूर्वी आमच्याकडे एक फिटर होता. तो मुद्दाम पट्टे सैल सोडायचा, मशीन बंद पडलं की ओव्हरटाइमला यायचा आणि दोन मिनिटांत चालू करून हिरो व्हायचा. त्याला मीच पकडलं होतं. त्या एका पराक्रमावर मी दहा वर्षं जगलो. माझ्या मते वाळू त्याच जातीचा माणूस निघाला. समोर असताना लाईन सोडतो, पाठ वळली की आमचा स्पीड भलत्यालाच जोडून देतो. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी त्याच्याबद्दल वर्षाला ऐकवलंही.

मी तिसरी तक्रार केली आणि त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. ग्रुपमध्ये एकशे दहा घरं आहेत. माझे शब्द मला पाठ आहेत. "केबलवाला वाळू नावाचा टेक्निशियन आपला स्पीड चोरून बाहेर विकतो असा माझा ठाम संशय आहे. मी इंजिनिअर आहे, पूर्ण अभ्यास करून बोलतो आहे. या माणसाला गेटच्या आत घेऊ नये." खाली पंचवीस-तीस अंगठे उमटले. कोणाच्या घरून चार महिन्यांपूर्वी चार्जर हरवला होता, त्यांनाही अचानक वाळूच आठवला. सेक्रेटरींनी वॉचमनला सांगितलं, केबल ऑफिसला फोन केला, आणि चार दिवसांत वाळूला कामावरून कमी केल्याचं कळलं. मला वाईट वाटलं नाही. छान झोप लागली.

नेट काही सुधारलं नाही. नवीन आलेल्या माणसालाही पेटी उघडल्यावर स्पीड मिळाला, तो गेल्यावर गेला. "हाही त्यातलाच," मी म्हणालो.  ईशाने पुण्यातल्या मैत्रिणीला फोन करून खोलीची चौकशी सुरू केली होती. ते मी दाराआडून ऐकलं.

मग तो बुधवार आला.

कारखान्यात आम्ही मशीनच्या हीटरवर नवीन सेन्सर बसवत होतो. ते तापमान मोजतात आणि वायरीशिवाय एका रिसीव्हरला पाठवतात. काम हर्षलकडे होतं. पण आकडे येतच नव्हते, आले तर मध्येच तुटत होते. सेन्सरच्या कंपनीचा माणूस वापीहून आला होता, तो वैतागलेला. मी गेलो. भोवती आठ-दहा ऑपरेटर जमले. मी पॅनल उघडायला लावलं, तर आत, लोखंडी पेटीत, रबरी पट्टीच्या बंद दाराआड, हर्षलने रिसीव्हर बसवलेला.

माझं टाळकंच सरकलं. "कुठल्या कॉलेजात शिकलास रे? लोखंडाच्या पेटीत रिसीव्हर ठेवतात? पत्र्यातून लहरी बाहेर येतात का? आधी दार उघड, मग बघ आकडे कसे येतात! शाळेतल्या पोराला कळतं ते तुला कळत नाही?"

दार उघडताच आकडे धडाधड येऊ लागले. ऑपरेटर हसले. हर्षलचे कान लाल झाले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, धूळ बसू नये म्हणून ठेवला. तुमच्या घरी राउटरला बघितलं होतं, तसंच केलं."

तो मला टोमणा मारत नव्हता. त्या मुलाला टोमणा मारता येत नाही. त्याने साहेबाचं चांगलं काम पाहून त्याची नक्कल केली होती, एवढंच. कंपनीच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं.  मी "रिसीव्हर बाहेर लावून घ्या" म्हणालो आणि केबिनमध्ये जाऊन बसलो.  हा आला की स्पीड येतो, गेला की जातो. अरे, तो आला की पेटी कोण उघडत होतं? गेला की कुलूप कोण लावत होतं? किल्ली तर माझ्याच खिशात होती.

संध्याकाळी घरी गेलो. वर्षा स्वयंपाकघरात होती. मी बुटांसकट हॉलमध्ये उभा राहून स्पीड मोजला, बावीस. पेटी उघडली, एकशे एक्याण्णव. लावली, तेवीस. उघडली, एकशे नव्वद. हे मी सात-आठ वेळा केलं, जणू आठव्यांदा तरी पेटी माझ्या बाजूने साक्ष देईल. मग राउटर पेटीतून काढून वाळूने मारलेल्या जुन्या स्क्रूवर टांगला. स्क्रू अजून तसाच होता, बरोबर जागी, बरोबर उंचीवर.

ईशा खोलीतून बाहेर आली. "बाबा, काय केलंत? एकदम मस्त चालतंय!"

आणि मी काय म्हणालो ऐका. मी म्हणालो, "ऑफिसवाल्यांना फोन करून झापलं."

"म्हणजे त्या माणसाला काढलं ते बरंच झालं," वर्षा आतून म्हणाली. मी हो म्हणालो. ईशा भिंतीवरच्या मोकळ्या राउटरकडे बघत होती. नंतर तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. ती आत गेली आणि मला पहिल्यांदाच वाटलं की तिने माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी मी केबल ऑफिसात गेलो. मालक जयवंतभाई मला बघून उठून उभे राहिले. त्यांना वाटलं चौथी तक्रार आली. मी म्हणालो, वाळूचा दोष नसावा असं वाटतं, त्याला परत घ्या. 'नसावा' आणि 'वाटतं', दोन्ही शब्द मी मुद्दाम घातले.

"साहेब, मी त्याला काढायला राजी होतो का?" जयवंतभाई म्हणाले. "सात वर्षांचा माणूस. पण तुमच्या सोसायटीची नव्वद कनेक्शनं माझ्याकडे आहेत. सेक्रेटरी बोलले, हा चोर गेटमध्ये नको. त्याला ठेवला तर बाकीच्या सोसायट्याही बोंबलणार. तुमच्या ग्रुपचा मेसेज सगळीकडे फिरला. आता तुम्हीच त्याच ग्रुपवर लिहा की चूक झाली. मी सोमवारी त्याला बोलावतो."

मग त्यांनी फाईल काढून माझ्या पावत्या समोर ठेवल्या. दुसऱ्या पावतीवर, माझ्या झोकदार सहीच्या बरोबर वर, वाळूचं तिरपं अक्षर होतं. 'पेटी उघडी १९४. पेटी बंद २२. राउटर बाहेर लावणे. साहेबांना फॅमिलीसमोर बोललो नाही.'

"मी पण तेव्हा वाचलं नाही," जयवंतभाई म्हणाले. "नंतर वाचलं. मी त्याला विचारलं, तू साहेबांना सरळ का नाही सांगितलंस? तो बोलला, साहेब एवढ्या हौशीने पेटी दाखवत होते, मॅडम आणि ताई समोर, कसं सांगू."

त्याने माझी लाज राखली होती, लेखी, आणि खाली माझी सही घेतली होती. मी त्या पावतीचा फोनवर फोटो काढला आणि ती हातात धरून उभा राहिलो. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्याच रात्री ग्रुपवर लिहायला बसलो. 'काही तांत्रिक कारणाने गैरसमज झाला होता.' पुसलं. 'सर्व बाजूंनी विचार करता.' पुसलं. 'मी इंजिनिअर आहे' हे शब्द वरच्या जुन्या मेसेजमधून माझ्याकडे बघत होते. कारखान्यातले चार जण त्या ग्रुपवर आहेत. उद्या हर्षलला कळणार, ऑपरेटर मला पेटीवाले साहेब म्हणणार. मग एक पळवाट सुचली. आधी खेरडीला जाऊन वाळूची माफी मागावी. त्याने मोठ्या मनाने 'असू दे, साहेब' म्हटलं की जयवंतभाईंशी परस्पर बोलून मिटवता येईल आणि ग्रुपवर काही लिहावं लागणार नाही. मी माफी मागायला निघालो तो असा, सवलतीच्या दरात मिळते का बघायला.

रविवारी सकाळी स्कूटर घेऊन गेलो. वाळूचं घर शेताच्या कडेला, अर्धं विटांचं, अर्धं कुडाचं. अंगणात त्याची आई कोंडाबाई भात पाखडत होती. वाळू घरात होता. नोकरी गेल्यापासून तो राखोलीच्या एका युनिटमध्ये रोजंदारीवर पेट्या उचलायला जात होता आणि रविवारी सुटी असायची. मला बघून तो दचकला. मग "या, साहेब" म्हणाला आणि खाट ओढली.

"आई, हे सामरवरणीचे साहेब. कारखान्यातले."

कोंडाबाईने सूप खाली ठेवलं. "पेटीवाले साहेब? हा सांगत होता. साहेबांनी राउटरला कशी पेटी केलीय, लय हुशार माणूस." ती खुशीने आत गेली आणि चहा टाकला. मी वाळूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. म्हणजे त्याने घरी माझं नाव सांगितलंच नव्हतं. पेटी सांगितली होती, तक्रार सांगितली नव्हती.

चहा आला. कोंडाबाई समोर उकिडवी बसली. "साहेब, बरा झाला तुमी आलात. माझ्या पोराचा काम गेला. कोणी तरी मोठ्या माणसाने खोटाच लिवला, हा चोरी करतो. आता गावात पण लोक विचारतात, काय चोरला रे? हा नाव सांगत नाय कोणाचा. सात वरसं केला काम, एक वायर घरी नाय आणली. तुमी शिकलेले, तुमचा लोक ऐकतात. तुमी सांगा ना त्या ऑफिसात. त्या माणसाला शोधा आणि विचारा, का लिवला?"

"आई, साहेबांना चहा घेऊ दे," वाळू म्हणाला.

माझ्या हातात कप होता. आता बोल, मी मनात म्हणत होतो, बोल रे, मी मी करणाऱ्या माणसा, आता एकदा 'मी' म्हण. आणि माझ्या तोंडून आलं, "हो, सांगतो. बघतो मी." कप तसाच खाटेवर ठेवला, काम आठवल्यासारखं मनगटाकडे पाहिलं, ज्यावर घड्याळही नव्हतं, आणि निघालो. वाळू स्कूटरपर्यंत सोडायला आला.  मी त्याची माफी मागितली नाही.

अर्ध्या किलोमीटरवर पाण्याच्या टाकीजवळ स्कूटर थांबवली. पुढे जाववेना. माझीच मला इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं. "वाळूने कोणाचाही स्पीड चोरला नाही. मी राउटर लोखंडी पेटीत बंद करून कुलूप लावलं होतं, त्यामुळे स्पीड जात होता. त्याने हे पावतीवर लिहून दिलं होतं, त्यावर माझी सही आहे, मी वाचलं नाही. मी खोटा आरोप केला. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली. रमाकांत खैरनार, सी-४०४." खाली पावतीचा फोटो जोडला.

टाकीजवळ रेंजची एकच कांडी होती. मेसेज जाईना. फोटोवर गोल चक्र फिरत राहिलं. घरी दोनशेचं नेट, आणि इथे मी एका फोटोसाठी हात वर करून रस्त्यात उभा. दोन-तीन मिनिटं गेली असतील. त्या वेळात तो मेसेज पुसता आला असता, आणि खोटं कशाला सांगू, अंगठा दोनदा त्यावर गेलाही. मग एकदम खुणा उमटल्या. गेला. लगेच कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं, मग दुसऱ्याने. सेक्रेटरींनी लिहिलं, 'ओके, वॉचमनला सांगतो.' ईशाने काही चित्र टाकलं नाही. "बरं केलंत," एवढंच लिहिलं.

मला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. पण एकशे दहा घरांना सांगून झालं तरी जिने मला विचारलं होतं ती कुठल्या ग्रुपवर नव्हती. मी स्कूटर वळवली.

कोंडाबाई अंगणात परत पाखडत होती. वाळू कुंपणाची काठी बांधत होता. मी स्कूटर नीट उभीही केली नाही.

"बाई, ते लिहिणारा माणूस मीच," मी म्हणालो. "दुसरा कोणी नाही. चूक माझ्या पेटीची होती आणि चोर मी याला ठरवलं. वाळू, मला माफ कर."

सूप थांबलं. वाळूच्या हातातली काठी तशीच राहिली. कोंडाबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "याने नाय सांगितला. तुमी चहा टाकून पळालात ना, तवाच कळला."

मी सोमवारी जयवंतभाई त्याला बोलावणार असल्याचं सांगितलं, ग्रुपवर लिहिलेलं वाळूला वाचायला दिलं. त्याने ते सावकाश वाचलं आणि फोन परत दिला.

"जाईन कामाला," तो म्हणाला. "पण तुमच्या घरची कंप्लेंट मी नाय घेणार, साहेब. जयवंतभाई दुसऱ्याला पाठवतील."

मी बरं म्हणालो.  राउटर कुठे लावायचा ते त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

मी निघायला वळलो तेव्हा कोंडाबाई उठली होती. खाटेवरचा माझा कप तिने उचलला, चहा टोपात ओतला आणि चुलीवर ठेवला. "बसा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता पहिल्यासारखी खुशी नव्हती. "पिऊन जावा. सारखा सारखा फेकायला दूध नाय आमच्याकडं."

मी खाटेवर बसलो. चहा उकळून कडू झाला होता. तोंड भाजत होतं तरी मी पीत राहिलो. कप खाली ठेवताना तळाशी घोटभर राहिला होता. कोंडाबाई बघत होती. मी कप परत उचलला आणि तो घोटही प्यायलो.